आमच्या घरातली एकच उधळपट्टी

साळवे सरांचा नियम असा होता की इंग्रजी शब्द वहीत उतरवला आणि पाठ केला म्हणजे तो आपला झाला, असं समजायचं नाही. तो घरी न्यायचा, घरात कुठं बसतो ते बघायचं आणि त्याचं एक वाक्य करून आणायचं. वाक्य खरं पाहिजे, गाईडातलं चालणार नाही. 'माझे वडील राजा आहेत' असं कोणी लिहून आणलं की सर विचारायचे, "मग राजवाडा कुठाय रे? मळ्यातच का?" सर नाशकात राहायचे आणि पँटच्या पायाला क्लिपा लावून रोज सायकलवर आमच्या गावच्या शाळेत यायचे. त्यांच्या आधी आम्हाला भूगोलाचे गुरुजीच इंग्रजी शिकवायचे आणि त्या तासालाही नद्यांचीच नावं विचारायचे, त्यामुळे सरांचं आम्हाला भारीच अप्रूप होतं. आठवड्याला एक शब्द असायचा. ज्याचं वाक्य सगळ्यात खरं, त्याचं वाक्य शनिवारी फाटकाजवळच्या फळ्यावर लागायचं, खाली नाव आणि इयत्ता. फळ्यावर शब्दाचा मराठी अर्थही असायचा, कारण सरांचं म्हणणं, फळा रस्त्यावर आहे तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही त्यातलं काही मिळालं पाहिजे. मी नववीत होते. तोवर अकरा-बारा वाक्यं फळ्यावर लागली असतील, त्यात माझं एकही नव्हतं. ज्या पोराला अजून नाक पुसता येत नव्हतं त्याचं नाव दोनदा लागून गेलं होतं, आणि मी रोज त्या फळ्यावरून मान खाली घालून जात होते. माझं नाव तिथं लागावं यापलीकडे त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

त्या आठवड्याचा शब्द होता एक्स्ट्रॅव्हॅगन्स. फळ्याच्या एका टोकापासून निघालेला शब्द दुसऱ्या टोकाला जेमतेम मावला. कोणीतरी म्हणालं, "सर, म्हणजे उधळपट्टी?" सर म्हणाले, जवळपास. पण उधळपट्टी म्हटलं की तुम्हाला लग्नातला बँड दिसतो, हा शब्द तेवढा गाजावाजा करत नाही. मुळात त्याचा अर्थ हद्दीबाहेर भटकणं. तुमचं ढोर बांध ओलांडून पलीकडं जातं ना, तसं. माणसाला जेवढं लागतं तिथं एक बांध असतो. तो ओलांडला, आणि ओलांडून जे हाती आलं ते वायाच घालवलं, की तिथं हा शब्द बसला. मग त्यांनी बजावलं, की नुसता मोठा खर्च म्हणजे एक्स्ट्रॅव्हॅगन्स नव्हे. म्हाताऱ्याच्या औषधाला बैल विकावा लागला तरी तो शब्द तिथं लावायचा नाही. पण चार आण्याची वस्तू गरज नसताना घेतली आणि टाकून दिली, तर खुशाल लावा. "प्रत्येक घरात एक तरी जागा असते," सर म्हणाले, "जिथं हात सैल सुटतो. शोधा."

मी घरी गेले आणि शोधायला लागले. आता आमच्या मळ्याच्या जागी सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांना फुलांची नावं आहेत. तेव्हा तिथं आमचं चार खणांचं घर होतं, पुढं पाट, पाटापलीकडं मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर आणि वांगी. घरात आम्ही सहा जण: दादा, म्हणजे माझे वडील, आई, मी, माझे दोन धाकटे भाऊ आणि दादांची थोरली बहीण, आमची आत्या. आत्या कमी वयात विधवा होऊन माहेरी आली होती, आणि तेव्हापासून कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती. तिच्या राज्यात सैल हाताला जागाच नव्हती. फ्लॉवरची पानं गाईला, मेथीच्या काड्या शेळीला, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात, चहाचा चोथा दारातल्या तुळशीला. साबणाची चकती झाली की ती नव्या वडीला ओली करून चिकटवायची. भाकऱ्या झाल्या की चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी मारायचं, त्याचा 'चर्र' आवाज आला की आम्हाला कळायचं, जेवण तयार आहे. मी दोन दिवस हातात वही घेतल्यासारखी घरभर हिंडले. दादांच्या बिड्यांवर माझी नजर होती, पण ते अर्धी विझवून कानामागं ठेवायचे आणि उरलेली संध्याकाळी ओढायचे. आत्याची मिश्री होती, पण मिश्री ही चैन आहे असं तिला कोणी म्हणून दाखवावं. शेवटी मी तिलाच विचारलं, आपल्या घरात वाया काय जातं? ती म्हणाली, "तू. शाळेत."

आईबद्दल माझ्या मनात काही आलंच नाही. आईकडं वाया घालवायला होतं काय? आमची जेवणं ठरलेल्या क्रमानं व्हायची. आधी दादा, मग आम्ही पोरं, मग आत्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर आई. तिचं ताट असं नव्हतंच. धाकट्यानं टाकलेला भाकरीचा काठ, माझ्या ताटलीतलं न आवडलेलं वांगं, तव्यावर करपलेली भाकरी, पातेल्याच्या तळाची खरवड, हे सगळं ती कालवणाच्या पातेल्यातच कालवायची आणि चुलीकडं तोंड करून खायची. पातेलं मग इतकं स्वच्छ असायचं की घासायला राख कमी लागायची. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ताटात अन्न टाकलं की आत्या ओरडायची, आणि आपण टाकलेलं आई खाते म्हणजे ते टाकलेलं नाहीच, अशी आमची सोयीची समजूत होती. हे सांगताना मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

बुधवारी कसलीशी सुट्टी होती, म्हणून मी आईबरोबर बाजाराला गेले. बुधवारचा बाजार गंगेवर भरायचा. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाकीचे दिवस दादा माल अडत्याकडं नेऊन टाकायचे, पण बुधवारी आई स्वतः बसायची, कारण गिऱ्हाईक करायचं कसब घरात तिलाच होतं. घरी जिचा आवाज चुलीच्या पलीकडं जायचा नाही, ती बाजारात "ताजी मेथी, घ्या मावशी, सकाळी उपटलीय" असं इतकं ठणकावून म्हणायची की मी पहिल्यांदा दचकलेच. भाव पाडून मागणाऱ्या बाईला ती म्हणाली, "मावशी, ही मेथी हाय, शेणाच्या गोवऱ्या नाय." बाई हसली आणि दोन जुड्या घेऊन गेली. घंटा, भोंगे, घाटावर धुणं आपटल्याचे आवाज, त्यात आईचा आवाज कुठंच बुडत नव्हता. दुपार कलली तेव्हा पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. तिनं त्या शेजारच्या बाईकडं सोपवल्या, पाण्यात उतरून हातपाय धुतले, आगकाडीनं नखातली माती काढली आणि पदर झटकून नीट घेतला. मग माझ्याकडं बघून जरा थांबली. मी नसते तर ती तशीच गेली असती, हे मला तिच्या थांबण्यावरून कळलं.

"चल," ती म्हणाली. "पण घरी बोलायचं नाय."

गंगेवरून वर चढून रविवार कारंजाकडं जाताना तेव्हा एक हॉटेल होतं. पुढं बाकडी, आत पडदा लावलेली फॅमिली रूम, तिथं एक संगमरवरी टेबल आणि भिंतीला आरसा. आई सराईतासारखी पडदा सारून आत गेली आणि आरशासमोरच्या खुर्चीवर बसली. आई खुर्चीवर बसलेली मी त्याआधी फक्त एका फोटोत पाहिली होती. म्हातारा वेटर आला, म्हणाला, "काय ताई, आज पाहुणी बरोबर?" आई म्हणाली, "लेक हाय. तिलाबी एक प्लेट आणा." एका प्लेटीत दोन बटाटेवडे यायचे, वर तळलेली मिरची. शिवाय आईला एक स्पेशल चहा. मी माझे दोन्ही वडे केव्हा संपवले ते मलाच कळलं नाही. आई सावकाश खात होती. एकेक घास चटणीत बुडवून, मध्ये थांबून, आरशात न बघता. चहा तिनं बशीत ओतला नाही, कपानंच प्यायली. एक वडा संपला तेव्हा तिनं हात पुसले आणि प्लेट पुढं सरकवली. दुसरा वडा तसाच होता, अख्खा.

"आई, तो राहिला ना."

"राहू दे."

मला वाटलं माझ्यासाठी ठेवलाय. मी हात पुढं केला तर तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. "हात लावू नको त्याला," ती म्हणाली. मग वेटर आला, त्यानं खाली वाकून प्लेटा एकावर एक ठेवल्या, वड्यासकट, आणि फडक्यानं टेबल पुसलं. आई त्या प्लेटा पडद्याआड जाईपर्यंत बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मला तेव्हा शब्द नव्हता आणि आजही मी नीट सांगू शकत नाही. खूष म्हणावं तर तसंही नव्हतं. घरी सगळं आवरून झाल्यावर उंबऱ्यात बसून ती पाय लांब करायची, तसं काहीसं होतं. पाट्या घेऊन परतताना बसमध्ये मी दोनदा विचारलं, "का गं टाकलास?" पहिल्यांदा ती म्हणाली, "भूक नव्हती." दुसऱ्यांदा म्हणाली, "पाटी नीट धर." दर बुधवारी जातेस का, असं विचारलं तेव्हा तिनं नुसती होकाराची मान हलवली.

मला माझा शब्द सापडला होता. बांध ओलांडला होता, वस्तू चार आण्याचीच होती, आणि ती मुद्दाम वाया घालवली होती. सरांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. आईला दिलेला शब्द माझ्या डोक्यात नव्हता असं नाही. पण तिनं सांगितलं होतं, घरी बोलायचं नाही. मी घरी बोलणारच नव्हते. मी शाळेत लिहिणार होते, आणि तेही इंग्रजीत. आमच्या घरात माझ्याशिवाय इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणजे इंग्रजीत लिहिलेलं आमच्या घरापुरतं न सांगितल्यासारखंच. फळ्यावर खाली मराठी असायचं, पण ते शब्दाचं, वाक्याचं नव्हे, इतका विचारसुद्धा मी केला होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती नीटनेटकी वकिली करतो! मी लिहिलं: माझी आई दर बुधवारी हॉटेलात दोन वडे मागवते, एक खाते आणि दुसरा टाकून येते, आमच्या घरातली ही एकच एक्स्ट्रॅव्हॅगन्स आहे. सरांनी दोन ठिकाणी व्याकरण दुरुस्त केलं आणि वही खाली ठेवून म्हणाले, "शोभा, हे खरं वाक्य आहे. असं वाक्य मला या वर्षात कोणी दिलं नव्हतं." मी त्या दिवशी घरी पळतच गेले.

सर वाईट माणूस नव्हते. वाक्य त्यांना इतकं आवडलं की शनिवारी त्यांनी ते सबंधच्या सबंध मराठीतही खाली लिहिलं, सुंदर वळणदार अक्षरात, खडूचे दोन रंग वापरून. खाली माझं नाव, आडनावासकट. दुपारी शाळा सुटल्यावर मी तो फळा बघितला. आधी माझं नाव दिसलं आणि छाती भरून आली. मग खालचं मराठी दिसलं. फाटकासमोरूनच डेअरीचा रस्ता जात होता, आणि दादा रोज संध्याकाळी दुधाचे कॅन घेऊन त्याच रस्त्यानं जायचे. माझ्या मनात आलं, ओल्या हातानं पुसून टाकावं. आजूबाजूला कोणी नव्हतं, हात वरपर्यंत पोचत होता. मी पुसलं नाही. ते पुसलं तर माझं नावही पुसावं लागलं असतं. इतक्या वर्षांनी ही गोष्ट लिहायला बसले त्याचं कारण हे आहे. फळ्यावर मराठी लिहिलं ही सरांची चूक झाली, पण मी तिथं उभी राहून ते राहू दिलं, ते चुकून झालेलं नव्हतं.

दादा डेअरीवरून आले ते कॅन न धुताच ओट्यावर ठेवून आत आले. आई भाकरी थापत होती, आत्या लसूण सोलत होती.

"डेअरीवाला विचारतोय," दादा म्हणाले, "वहिनी वडे टाकून येती म्हणे, आमच्या कुत्र्याला तरी धाडत जा. सगळे हसले. मला काय ठाव? मी म्हणलं, कसले वडे? तर मला शाळेच्या फळ्यापाशी घेऊन गेले."

आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच, आणि परत परातीकडं.

"हॉटेलात जाती तू?" दादा म्हणाले. "घरात खायला कमी पडतं का?"

"नाय."

"मग?"

आत्यानं लसूण खाली ठेवला. तिचा आवाज मी कधी इतका हळू ऐकला नव्हता. "हॉटेलाचं मी काय म्हणत नाय, सिंधू. बाजारात बसलेल्या बाईला भूक लागती. पैशाचंबी जाऊ दे. पण अन्न टाकलं? हातानं टाकलं?"

"टाकलं, आक्का," आई म्हणाली.

"का पण?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, फुगवली. मला वाटत होतं, तिनं माझ्यावर ढकलावं. पोरीनं काहीतरी लिहिलं, तिला काय कळतं, असं म्हणावं. ते तिला सहज जमलं असतं, आणि दादांनी ते हसत मान्यही केलं असतं. तिनं तसं केलं नाही. दादांना राग आला होता त्यापेक्षा वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, "येत्या बुधवारपासून बाजाराला मी जाईन." झालं. मारझोड नाही, आरडाओरड नाही. दादा तसे नव्हतेच. पण आईचा बुधवार त्या वाक्यात गेला, आणि तो मी घालवला होता.

मला कोणी रागावलं नाही. आत्यानंसुद्धा नाही. उलट ती म्हणाली, पोरीनं खरं ते लिहिलं. दोन-तीन दिवस मी आईच्या पुढ्यात जायचं टाळलं, पण मळ्यात किती टाळणार! मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मेथी उपटत होतो. दुसऱ्या दिवशी दादा बाजाराला जाणार होते, त्यांच्यासाठी. मी म्हटलं, "मी घरी नव्हतं सांगितलं. इंग्रजीत लिहिलं होतं."

आईला हसू आलं. खरंच आलं. "ठाव हाय," ती म्हणाली. मग जुडी बांधता बांधता विचारलं, "तो शब्द काय गं तुमच्या सरांचा?" मी सांगितला. अर्थही सांगितला, सरांनी सांगितला तसा, बांधासकट. तिनं नीट ऐकून घेतलं.

"बराबर हाय मग," ती म्हणाली. "वायाच घातला मी. त्याला दुसरं काय म्हणणार?" तिनं आणखी चार जुड्या बांधल्या. "आठ दिस मी तुमचं सगळ्यांचं उरलेलं खाती, शोभे. तक्रार नाय माझी. पण एक दिवस वाटलं, माझंबी कायतरी उरावं. आणि ते उचलायला मी नसावं. दुसऱ्या कुणीतरी उचलावं, आपण बघत बसावं. लय बरं वाटलं बघ. मग दर बुधवारी वाटायला लागलं. पाप हाय, मला कळतं. वडा बी चांगला असतो तिथला." एवढं बोलून ती पुढच्या वाफ्यात गेली. मी तिथंच रडले, मेथीत बसून.

हल्ली गंगापूर रस्त्याच्या लॉन्सवर लग्नाला जाते तेव्हा पंगतीऐवजी टेबलं असतात, साठ-साठ पदार्थ असतात, आणि कोपऱ्यात 'अन्न वाया घालवू नका' अशी पाटी. पाटीखालच्याच पिंपात भरल्या ताटल्या रित्या होत असतात. माझी नात त्याला वेस्टेज म्हणते. मी म्हणते बरोबर. पण साळवे सरांचा शब्द मात्र मला तिथं कधी लावावासा वाटला नाही. तिथं कोणी बांध ओलांडत नाही, कारण कोणाला बांध दिसतच नाही. आईला तो रोज दिसत होता. ती रोज त्याच्या अलीकडे उभी होती.

मी माझ्या अकलेनं भरपाई करायचा एक प्रयत्न केला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी एक ताट घेतलं, धुतलेलं, कोरडं. त्यात आख्खी भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, कांदा वाढला आणि आईपुढं पाट मांडला. म्हटलं, "आता बस, आणि तुला पाहिजे तेवढंच खा. राहील ते टाक. मी उचलीन. मी बघणार पण नाही." आत्या उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती. ती तोंड फिरवून बाहेर बघत राहिली. तिच्या स्वभावात बसेल एवढी परवानगी तिनं दिली, असं मी तेव्हा समजले आणि आजही समजते. आई पाटावर बसली. सावकाश जेवली. अर्धी भाकरी झाली, पाऊण झाली. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांब, आता थांब. ताटात एक चतकोर आणि थोडं कालवण राहिलं तेव्हा तिचा हात खरोखरच थांबला. मग तिनं चतकोर उचलला, त्यानं ताट पुसून घेतलं आणि खाल्ला.

"नाय जमत गं," ती म्हणाली. "तू उचलणार ना. माझ्या लेकीला माझं उष्टं उचलायला लावू का मी?"

दादांचे बुधवार काही धड गेले नाहीत. त्यांना गिऱ्हाईकाशी बोलताच यायचं नाही. पहिल्या बुधवारी त्यांनी तासाभरात सगळी मेथी एका फेरीवाल्याला एकदम देऊन टाकली आणि दुपारी जेवायला घरी हजर. दुसऱ्या बुधवारी ऊन लागून कोथिंबीर मान टाकेपर्यंत बसले आणि अर्ध्या पाट्या परत आणल्या. शेळीची चंगळ झाली. आत्या म्हणाली, "आता हे वाया जातंय ते कुठल्या फळ्यावर लिहायचं?" दादा ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, पण त्यांना ते लागलं. पाचव्या का सहाव्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, त्यांनी विहिरीवर हातपाय धुता धुता आईला सांगितलं, "उद्या तूच जा. माझं काम नाय ते." मी आतून ऐकत होते. मग ते थांबले, खिशात हात घातला आणि चिल्लर काढून तिच्या हातावर ठेवली. "आणि हे घे. हॉटेलात जा, वडा खा, चहा पी. आपली काय ना नाय. कुणी काय म्हणलं तर माझं नाव सांग." दादांनी इतकं मोठं वाक्य आईशी बोललेलं मला दुसरं आठवत नाही. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणताना त्यांना अवघड जात होतं हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "फक्त टाकू नको. तेवढं ऐक माझं."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले ती थेट बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. आई उतरली. पाट्या रिकाम्या होत्या, आवाज बसलेला होता, म्हणजे धंदा झाला होता. मी तिच्या हातातल्या दोन पाट्या घेतल्या. बांधावरून पुढं-मागं चालताना मला धीर निघेना.

"गेली होतीस?"

"गेले होते ना. दादांनी पैसे दिलेत म्हणलं तर वेटर लय हसला."

"मग?"

"मग काय?" ती पुढं चालत होती, मला तिची पाठ दिसत होती. "दोन्ही खाल्ले. पोट जड झालंय बघ. आज जेवायची नाय मी."

त्या संध्याकाळी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तव्यात अर्धी भाकरी राहिली होती आणि धाकट्याच्या ताटलीत थोडं कालवण. मी ते उचलायला पुढं झाले, पण आई माझ्याआधी चुलीपाशी जाऊन बसली होती. तिनं ती भाकरी कालवणात कुस्करली आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ली.